'आता पुरे' म्हणणारी पेढी

परक्याचे पैसे सांभाळणारा माणूस सहसा पैशाला नाही म्हणत नाही. त्याची कमाई टक्क्यांवर असते. नफा होवो न होवो, रक्कम जितकी मोठी तितकं शुल्क मोठं. म्हणून तो दलाल नेमतो, जाहिराती देतो, सणासुदीला गिऱ्हाइकांच्या घरी मिठाईचे खोके पाठवतो. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचं लांबुळकं बेट आहे. तिथल्या ईस्ट सेटॉकेट गावातल्या एका पेढीनं मात्र १९९३ साली आपल्या मुख्य फंडात नवी गिऱ्हाइकं घेणं बंद केलं, आणि पुढच्या बारा-एक वर्षांत जुन्यांनाही त्यांचं मुद्दल नफ्यासकट हातावर ठेवून वाटेला लावलं. गिऱ्हाइकं गयावया करत होती, आम्हाला राहू द्या म्हणून. पेढी म्हणत होती, नको.

पेढीचं नाव रेनेसाँ टेक्नॉलॉजीज, फंडाचं नाव मेडॅलियन. १९८८ ते २०१८ या काळात या फंडानं वर्षाला सरासरी ६६ टक्के कमावले, आणि शुल्क कापून गुंतवणूकदारांच्या हातात ३९ टक्के पडले, असा हिशेब पत्रकार ग्रेगरी झुकरमन यांनी २०१९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. वॉरन बफे यांची दीर्घकाळची सरासरी २० टक्क्यांच्या आसपास आहे आणि तेवढ्यावर जग त्यांना गुरू मानतं.

ही पेढी उभी करणारे जिम सायमन्स यांचा जन्म १९३८ चा, बॉस्टनजवळचा. चौदाव्या वर्षी जिमला बागकामाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात नोकरी मिळाली, पण कुठली वस्तू कुठल्या फळीवर हे पोराच्या डोक्यात काही राहीना. शेवटी त्याला गोदामातून काढून झाडलोटीला लावलं. पुढे काय करणार असं मालकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, एमआयटीत गणित शिकणार. ते हसून बेजार झाले. सामानाची जागा लक्षात राहत नाही आणि हा म्हणे गणित शिकणार! पाठांतर आणि गणित यांची गल्लत करणारे लोक सगळ्या देशांत असतात. जिमनं एमआयटीतून पदवी घेतली आणि २३ व्या वर्षी बर्कलीतून डॉक्टरेट मिळवली.

बाजाराची चटकही तेव्हाचीच. लग्नात आलेल्या आहेराच्या पैशांतून सायमन्स यांनी शेअर घेतले. ते हलेनात म्हणून कंटाळून सोयाबीनच्या वायद्यांत उतरले, थोडेफार कमावलेही. पण खरं शिक्षण झालं ते भलत्याच ठिकाणी. १९६४ साली ते प्रिन्स्टनमधल्या एका संस्थेत रुजू झाले. अमेरिकी सरकारसाठी शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणं हे तिथलं काम. हाती आकड्यांचा निरर्थक वाटणारा ढीग, आणि त्यात कुठेतरी दडलेली रचना. ती का आहे हे कळलं नाही तरी चालतं. ती आहे आणि योगायोगानं आलेली नाही, एवढं सिद्ध करता आलं की पुरे.

याच संस्थेत लेनर्ड बॉम नावाचे गणिती होते. सायमन्स, बॉम आणि आणखी दोघांनी मिळून १९६४ मध्येच शेअर बाजाराचा अंदाज बांधण्याबद्दल एक निबंध लिहिला. त्यातली कल्पना साधी होती. बाजाराच्या काही 'अवस्था' असतात असं धरा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतात ते फक्त भाव. बंद दाराआड कोणीतरी खेळतंय, त्याच्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या वजनाचे फासे आहेत, मधूनच तो फासा बदलतो आणि आपल्याला फक्त पडलेलं दान ओरडून सांगतो. दानांच्या लांबलचक यादीवरून त्यानं फासा कधी बदलला ते ओळखायचं. 'हिडन मार्कोव्ह मॉडेल' म्हणतात ते हेच. असं मॉडेल आकड्यांवरून घडवण्याची बॉम आणि लॉइड वेल्च यांची रीत पुढे बॉम-वेल्च या जोडनावानं प्रसिद्ध झाली. हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, आणि अनपेक्षित दारातून येणार आहे.

प्रिन्स्टनची नोकरी टिकली नाही. संस्थेचे प्रमुख जनरल मॅक्सवेल टेलर यांनी व्हिएतनाम युद्धाची बाजू घेणारा लेख लिहिला, आणि सायमन्स यांनी त्याच्या विरोधात न्यूयॉर्क टाइम्सला पत्र पाठवलं. वर एका वार्ताहराला सांगून टाकलं की युद्ध संपेपर्यंत मी माझं स्वतःचंच गणित करणार आहे. १९६८ साली त्यांना काढून टाकलं. त्याच वर्षी स्टोनी ब्रूक इथल्या विद्यापीठानं त्यांना गणित विभागाचं प्रमुख केलं. वय ३० होतं. तिथल्या दहा वर्षांत त्यांनी विभाग नावारूपाला आणला, आणि शिंग-शेन चर्न यांच्याबरोबर १९७४ साली असा एक शोधनिबंध लिहिला की आजही भौतिकशास्त्रज्ञ 'चर्न-सायमन्स' हे नाव रोज उच्चारतात. १९७६ साली भूमितीतला व्हेब्लेन पुरस्कार मिळाला. आणि १९७८ मध्ये, चाळिशीत, ते हे सगळं सोडून सट्टा खेळायला गेले. विद्यापीठातल्या अनेकांना ते रुचलं नाही. गणितात पैसा नसतो हे खरं, पण पैशासाठी गणित सोडणं त्या वर्तुळात शोभत नव्हतं.

पहिलं ऑफिस स्टोनी ब्रूक रेल्वे स्थानकासमोरच्या दुकानांच्या रांगेत होतं. शेजारी बायकांच्या कपड्यांचं दुकान आणि एक पिझ्झावाला. कंपनीचं नाव मोनेमेट्रिक्स. १९८२ साली रेनेसाँ टेक्नॉलॉजीज हे नाव आलं. सायमन्स यांनी बॉम यांना बोलावून घेतलं, चलनांच्या बाजारात ते जुनं गणित चालवून पाहायचं म्हणून.

इथून पुढची दहा वर्षं यशोगाथा लिहिणारे लोक दोन ओळींत उरकतात. मला तीच सगळ्यात बोधप्रद वाटतात, कारण या काळात हे थोर गणिती इतर कुठल्याही सटोडियासारखेच वागले. बॉम यांनी लवकरच मॉडेल बाजूला ठेवलं आणि बातम्या वाचून, मनाच्या कौलावर सौदे करू लागले. सायमन्सही तेच करत. संगणकाचा वापर करून एक यंत्रणा उभी केली, तिला लाडानं 'पिगी बास्केट' म्हणत. तिला बटाट्याची अशी गोडी लागली की तिनं मेन राज्यातल्या बटाट्याचे वायदे घेण्याचा सपाटाच लावला. शेवटी वायदे बाजाराच्या सरकारी नियामकांनी विचारणा केली: तुम्ही अख्ख्या देशाचा बटाटा कोंडून ठेवताय की काय? मालकांना पत्ताच नव्हता! १९८४ साली बॉम यांनी धरून ठेवलेले रोखे कोसळले. नुकसान ४० टक्क्यांवर गेलं की सौदे मोडायचे, असं दोघांच्या करारातच लिहिलेलं होतं. सायमन्स यांनी ते मोडले आणि दोघांचे मार्ग वेगळे झाले.

या काळात एकच काम चोख झालं, आणि तेव्हा ते कोणाला फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. माणसं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हच्या इमारतीत जाऊन जुन्या व्याजदरांचे तक्ते हातानं उतरवून घेत. बाजारांकडून चुंबकीय फिती विकत आणल्या जात. पुढे सँडर स्ट्रॉस यांनी दिवसातल्या प्रत्येक भावाची नोंद जमवायला आणि त्यातल्या चुका, गाळलेल्या जागा एकेक करून दुरुस्त करायला सुरुवात केली. लोक दिवसाचा उघडता आणि बंद भाव पाहत असत, तेव्हा यांच्याकडे मधल्या वेळातलं सगळं होतं. धान्य निवडावं तसा डेटा निवडणारा एक माणूस या पेढीला सापडला. तो नसता तर पुढच्या हुशारीला दळायला काही मिळालंच नसतं.

मेडॅलियन फंड १९८८ साली सुरू झाला. सायमन्स यांचा व्हेब्लेन पुरस्कार आणि त्यांचे भागीदार जेम्स ॲक्स यांचा कोल पुरस्कार, अशा दोन पदकांवरून हे नाव पडलं. पण पदकं बाजारात चालत नाहीत. १९८९ च्या वसंतापर्यंत फंड शिखरापासून जवळजवळ ३० टक्के घसरला. सायमन्स यांनी ॲक्स यांना सौदे थांबवायला सांगितलं, ॲक्स चिडले, कोर्टाची भाषा झाली. अखेर बर्कलीचे गणिती एल्विन बर्लेकँप यांनी ॲक्स यांचा हिस्सा विकत घेतला आणि कारभार हाती घेतला.

बर्लेकँप तरुणपणी बेल लॅब्जमध्ये जॉन केली यांच्या हाताखाली काम करत होते. डाव आपल्या बाजूनं किती झुकलेला आहे त्यावरून किती रक्कम लावायची, हे सांगणारं प्रसिद्ध सूत्र याच केलींचं. बर्लेकँप यांनी फंडाचे दीर्घ मुदतीचे सौदे जवळपास बंद केले. आठवडे न् आठवडे धरून ठेवण्याऐवजी दिवसा-दोन दिवसांत घ्यायचं आणि सोडायचं. अंदाज जरासाच बरोबर असला तरी चालेल, पण असे अंदाज पुष्कळ हवेत.

कागदावर मांडून पाहू. समजा एक रुपयाचा डाव आहे आणि तुमची जिंकण्याची शक्यता १०० मध्ये ५०.७५ आहे. (आमचे अंदाज साधारण एवढेच बरोबर येतात, असं पेढीच्याच रॉबर्ट मर्सर यांनी एकदा सांगितल्याचं झुकरमन लिहितात.) शंभर डाव खेळलात तर सरासरी कमाई दीड रुपया, आणि नशिबाचा हेलकावा दहा रुपयांचा. म्हणजे जिंकणं-हरणं जवळपास सारखंच. आता दहा लाख डाव खेळा. सरासरी कमाई १५ हजार रुपये, हेलकावा फक्त एक हजाराचा. त्याच रतीभर कौशल्यावर हरणं आता अशक्यप्राय झालं! जुगारअड्ड्याचा मालक नेमका याच हिशेबावर बंगले बांधतो. एका रात्री कोण किती जिंकून गेलं याची त्याला फिकीर नसते. अड्डा रोज उघडतोय ना, एवढंच तो बघतो. १९९० साली मेडॅलियननं शुल्क वजा जाता सुमारे ५६ टक्के कमावले. त्यानंतर बर्लेकँप आपला हिस्सा परत विकून गणित शिकवायला निघून गेले. एवढ्या नफ्याच्या फंडातून उठून वर्गात जाऊन बसणाऱ्या या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे.

१९९३ साली दोन गोष्टी घडल्या. फंडाचं दार नव्यांसाठी बंद झालं, आणि आयबीएमच्या प्रयोगशाळेतून पीटर ब्राउन आणि रॉबर्ट मर्सर आत आले. दोघांचा अर्थशास्त्राशी काही संबंध नव्हता. संगणकाला माणसाचं बोलणं ऐकून लिहायला शिकवणं आणि फ्रेंचचं इंग्रजी करायला लावणं, हे त्यांचं काम. भाषांतरासाठी त्यांनी व्याकरण शिकवलंच नव्हतं. कॅनडाच्या संसदेचं कामकाज दोन्ही भाषांत छापलं जातं, त्याची लाखो वाक्यं संगणकापुढे ओतली आणि कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द येतो ते त्यालाच मोजायला लावलं. आणि बोलणं ओळखायला त्या काळी मुख्य हत्यार कुठलं होतं? बॉम-वेल्च. ऐकू येतो तो आवाज, दडलेला असतो तो शब्द. जे गणित सायमन्स यांच्या शेजारच्या टेबलावर जन्मलं आणि बॉम यांनीच बाजारात वापरायचं सोडून दिलं, ते आयबीएममार्गे तीस वर्षांनी घरी परतलं.

तरी शेअरच्या सौद्यांत यश येईना. कागदावर नफा दिसे, प्रत्यक्षात तोटा. १९९५ साली डेव्हिड मॅगरमन नावाच्या तरुण प्रोग्रामरनं हजारो ओळींचा प्रोग्राम चाळत बसून चूक शोधली. एस अँड पी ५०० या निर्देशांकाचा आकडा रोज बदलायला हवा, तो एका ओळीत जुनाच, १९९१ चा, कायमचा लिहून ठेवलेला होता. ओळ होती मर्सर यांची. ही चूक आणि तिच्यासारख्या इतर दुरुस्त झाल्यावर शेअरची यंत्रणा चालू लागली. २००० साली इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि भले भले झोपले, त्या वर्षी मेडॅलियनचा परतावा ९८ टक्क्यांच्या वर होता. २००८ च्या महामंदीत शुल्क कापूनही ८२ टक्के. लोक घाबरतात तेव्हा ते एकाच ठरावीक तऱ्हेनं घाबरतात, आणि तऱ्हा हीच या पेढीची कच्ची सामग्री.

आता दार का लावलं ते पाहू. कांद्याच्या लिलावात एक व्यापारी शिरला आणि आलेला सगळा माल उचलू लागला, तर भाव त्याच्यामुळेच चढतो. शेवटची गोणी त्याला पहिलीपेक्षा महाग पडते. मेडॅलियनचा फायदा प्रत्येक सौद्यामागे इतका पातळ असतो की स्वतःच हलवलेला भाव तो सहज खाऊन टाकतो. त्यामुळे फंड एका आकारापुढे गेला की गणित बरोबर असूनही नफा संपतो. रेनेसाँनं ही मर्यादा १० अब्ज डॉलरच्या आसपास ठरवली. त्यावरचा नफा दरवर्षी काढून वाटून टाकायचा. नाहीतर काय होईल? दहा अब्ज डॉलर ३९ टक्क्यांनी वीस वर्षं चक्रवाढीनं वाढत राहिले तर सात लाख कोटी डॉलरच्या पुढे जातील, भारताच्या एका वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीहून जास्त. असा पैसा कुठल्या बाजारात मावणार? चक्रवाढ व्याजाची जादू सगळे सांगतात. ती कुठे थांबते हे या पेढीनं करून दाखवलं.

एकदा मर्यादा ठरली की प्रश्न उरतो, मर्यादेच्या आत कोण बसणार. उत्तर माणसाच्या स्वभावाप्रमाणेच आलं: आपली माणसं. शुल्क आधी वर्षाला ५ टक्के आणि नफ्यातले २० टक्के होतं. ते २००१ मध्ये नफ्याच्या ३६ आणि २००२ मध्ये ४४ टक्क्यांवर नेलं. त्यानंही बाहेरचे हलेनात, तेव्हा त्यांना घालवून दिलं. आज मेडॅलियनमध्ये पैसे ठेवायचे तर पेढीत नोकरीला असावं लागतं, किंवा कधीकाळी असायला हवं होतं. सुमारे ३०० नोकर, त्यातले बरेच गणित, भौतिकशास्त्र, खगोलशास्त्रातले डॉक्टरेट. वॉल स्ट्रीटचा अनुभव असलेल्याला सहसा घेत नाहीत. आत कोणाचं गणित कोणापासून लपवलेलं नसतं. बाहेर मात्र एक अक्षर जाऊ देत नाहीत.

बाहेरच्यांसाठी २००५ साली वेगळा फंड काढला. तो मोठ्या रकमेचा, दीर्घ मुदतीचा. पेढी स्पष्ट सांगत होती की हा मेडॅलियन नाही. पण नाव रेनेसाँचं, त्यामुळे पैसा धावत आला. २०२० साली करोनाच्या उलथापालथीत मेडॅलियननं सुमारे ७६ टक्के कमावले म्हणतात, आणि बाहेरच्यांच्या फंडानं २० टक्क्यांच्या आसपास गमावले. गिऱ्हाइकांनी अब्जावधी डॉलर काढून घेतले. फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. कागदपत्रांत सगळं लिहिलेलं होतं. पण एकाच स्वयंपाकघरातून मालकांच्या पंगतीला पुरणपोळी आणि पाहुण्यांना करपलेली भाकरी गेली, तर पाहुणे कुजबुजणारच.

आणखी एक डाग आहे. पेढीनं बँकांशी असे करार केले की कागदावर शेअर बँकेच्या मालकीचे, आणि फंडाकडे फक्त त्या टोपलीवरचा हक्क. दिवसात हजारो सौदे होत होते, पण हक्क वर्षानंतर वापरला की नफा दीर्घकालीन ठरे आणि कर कमी लागे. २०१४ साली अमेरिकी सिनेटच्या समितीनं यातून ६.८ अब्ज डॉलरचा कर वाचवला गेल्याचा अंदाज काढला. २०२१ मध्ये करखात्याशी तडजोड झाली. आजी-माजी भागीदारांनी भरायची रक्कम सात अब्ज डॉलरपर्यंत जाणार होती. सायमन्स यांच्या वाट्याला आणखी ६७ कोटी डॉलर आले. एवढं सुंदर गणित करणाऱ्यांना हे हलकं गणित करायची गरज काय होती, हे कोडं मला सुटलेलं नाही.

सायमन्स २०१० मध्ये रोजच्या कामातून बाजूला झाले. ब्राउन आणि मर्सर पुढे आले. २०१६ च्या निवडणुकीत मर्सर कुटुंबानं ट्रम्प यांच्या पाठीशी पैसा उभा केला. सायमन्स विरुद्ध पक्षाचे मोठे देणगीदार. चूक शोधणाऱ्या त्याच मॅगरमन यांनी मर्सर यांच्यावर जाहीर टीका केली आणि नोकरी घालवली. २०१७ मध्ये मर्सर यांनीही प्रमुखपद सोडलं.

पैशाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. सायमन्स आणि त्यांच्या पत्नी मॅरिलिन यांच्या प्रतिष्ठाननं मूलभूत विज्ञानासाठी हात सैल सोडला: न्यूयॉर्कमधली फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूट, शाळांतल्या गणित शिक्षकांसाठीची योजना, चिलीच्या अटाकामा वाळवंटातली वेधशाळा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं जीवशास्त्राचं केंद्र बंगळुरूला आहे. तिथं जिवंत पेशीला यंत्र मानून तिचा अभ्यास करणाऱ्या विभागाला सायमन्स यांचंच नाव आहे. २०२३ साली स्टोनी ब्रूक विद्यापीठाला ५० कोटी डॉलर मिळाले.

आपल्याकडेही अलीकडे मोबाइलवर 'अल्गो' विकणारे फिरतात. सेबीनं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सायमन्स यांचं नाव घेऊन कोणी तुमच्याकडे आलंच, तर त्याला एवढंच विचारा: यंत्रणा खरंच चालत असेल, तर तुला माझे पैसे कशाला हवेत?

जिम सायमन्स १० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले; वय ८६ होतं. स्टोनी ब्रूक रेल्वे स्थानकासमोरच्या त्या दुकानापासून पेढीचं आजचं ऑफिस मोटारीनं काही मिनिटांवर आहे. मेडॅलियन फंड चालू आहे आणि बाहेरच्यांसाठी बंद आहे.